एक दिवस जास्त

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे आईवडील एकमेकांशी मोकळेपणाने बोलायला लागले की कधी ना कधी एक वाक्य येतंच. ‘देवाकडे एकच मागणं आहे, याच्यापेक्षा मला एक दिवस जास्त दे.’ बाहेरच्या माणसाच्या अंगावर काटा येतो. पोटच्या पोराने आपल्याआधी जावं असं कोणती आई म्हणेल? पण तिथे बसलेल्या बाकीच्या आया नुसत्या माना डोलावतात. आपण गेल्यावर याचे दात कोण घासून देईल, याचं पोट दुखतंय हे न सांगता कुणाला कळेल, याच्यावर कुणी हात तर उगारणार नाही ना, हे सगळे प्रश्न त्या एका वाक्यात असतात आणि त्यांना ते लगेच ऐकू येतात.

विशेष मुलांबद्दल आपल्याकडे आता बरंच लिहिलं-बोललं जातं. पण त्यातलं मूल बहुतेक वेळा लहान असतं. थेरपीला जाणारं, स्नेहसंमेलनात नाचणारं, क्वचित पदक जिंकणारं. चाळिशीतला मुलगा, त्याची दाढी करून देणारे पंचाहत्तरीचे वडील आणि गुडघे धरून बसलेली आई हे घर त्या लिखाणात फारसं दिसत नाही. जयवंत दळवींनी ‘नातीगोती’ नाटकात वयात आलेल्या बच्चूला आणि त्याच्या थकत चाललेल्या आईवडिलांना रंगमंचावर आणलं, तेव्हा मराठी प्रेक्षक हादरला होता. त्यानंतर कायदे बदलले, संस्था वाढल्या, उपचार सुधारले. त्या घरातला प्रश्न मात्र तसाच आहे, उलट मोठा झाला आहे.

मोठा होण्याचं कारण एका अर्थी आनंदाचं आहे. ही मुलं आता जगतात. डाउन सिंड्रोममध्ये पेशींत २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवलं. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. ती शस्त्रक्रिया नेहमीची होण्याआधी, प्रतिजैविकं सर्रास मिळण्याआधी, फार थोडी मुलं तरुणपण पाहायची. अमेरिकेत १९८३ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षं होतं, आज ते ६० च्या आसपास आहे. आपल्याकडे शहर आणि खेडं, पैसेवाले आणि हातावर पोट असणारे यांच्यात मोठी तफावत आहे, पण दिशा तीच आहे. ‘आमच्यानंतर काय’ हा प्रश्न याआधी इतक्या घरांना एकाच वेळी पडला नव्हता.

पालकांच्या आशेची सुरुवात अर्थातच इतक्या दूरवरून होत नाही. ती होते ‘बोलेल ना?’ या प्रश्नाने. मग ‘चालेल ना?’, ‘साध्या शाळेत बसेल ना?’ निदान ऐकल्यावर पालक आधी नाकारतात, मग चिडतात, मग रडतात आणि शेवटी स्वीकारतात, अशी पायऱ्यांची मांडणी अनेक समुपदेशकांच्या तोंडी असते. त्यामुळे जी आई पाच वर्षांनंतरही डोळे पुसते तिने अजून ‘स्वीकारलेलं नाही’ असा शिक्का बसतो. सायमन ओल्शान्स्की या अमेरिकी तज्ज्ञाने १९६२ मध्येच या समजुतीला हरकत घेतली होती. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांबरोबर काम करताना त्याला दिसलं की हे दुःख संपत नाही, ते आयुष्यभर अधूनमधून वर येत राहतं आणि तसं येणं अगदी स्वाभाविक आहे. त्याने त्याला चिवट, दीर्घकाळचं दुःख म्हटलं. मला त्याचं म्हणणं पटतं, कारण आपल्याकडच्या घरांत ते कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येतं. शेजारच्या मुलाचा शाळेचा पहिला दिवस. दहावीचा निकाल. चुलतभावाचं लग्न, त्यात करवलीचा मान कुणाला हा विषय. वर्षभर हसतखेळत मुलाला सांभाळणारी आई त्या दिवशी गप्प होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला रिक्षात बसवून शाळेत सोडायला निघते. तिने मुलाला कधीच स्वीकारलेलं असतं. त्याच्या वाट्याला काय येणार नाही, हे मात्र तिला दर काही वर्षांनी नव्याने कळतं.

सुरुवातीच्या आशेला आधारही आहे. पहिल्या काही वर्षांत मेंदूची घडण वेगाने चालू असते, त्यामुळे लवकर सुरू केलेली फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी यांचा उपयोग जास्त होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम याच समजुतीवर उभा आहे. तो देशात सुरू झाला फेब्रुवारी २०१३ मध्ये, आपल्याच पालघरमधून. फिरती पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा जाऊन मुलं तपासतात आणि गरज असलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. कागदावर ही फार चांगली साखळी आहे. पण ज्या आईला आठवड्यातून तीनदा बाळ कडेवर घेऊन एसटीने जिल्ह्याच्या गावी जायचं असतं, तिची मजुरी बुडते आणि घरात ‘एवढं करून काय होणार’ हेही ऐकावं लागतं. थेरपी अर्धवट सुटली की दोष तिच्या माथी येतो. हे अन्यायाचं आहे.

याच काळात आशेचे व्यापारीही दारात येतात. ऑटिझम ‘बरा’ करून देणाऱ्या स्टेम सेलच्या इंजेक्शनांसाठी लोकांनी दागिने मोडले आहेत, शेत विकलं आहे. ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पालकांना भोळे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण खरी थेरपी सावकाश, कंटाळवाणी आणि अनिश्चित असते, ती देणारा डॉक्टर घाईत पाच मिनिटं बोलतो आणि खोटी आशा विकणारा मात्र तासभर हात धरून बसतो. माणूस कुणाकडे वळेल?

पुढे काही वर्षांनी आशा आकाराने लहान होते. लहान झाली म्हणजे कमी झाली असं कुणी समजू नये. ‘डॉक्टर होईल’पासून ‘स्वतःची चड्डी स्वतः वर ओढेल’ इथवर येणारी आई काहीतरी गमावून तिथे पोहोचते हे खरं, पण तिथे तिला प्रत्यक्ष करता येण्यासारखं काम सापडतं. विशेष शिक्षणातली एक साधी पद्धत इथे सांगायला हवी, कारण ती माहीत नसल्याने कित्येक घरांत वर्षं वाया जातात. कुठलंही काम शिकवताना आधी त्याचे बारीक तुकडे करायचे. चड्डी घालणं म्हणजे ती हातात धरणं, पुढची बाजू ओळखणं, एक पाय घालणं, दुसरा घालणं, गुडघ्यापर्यंत ओढणं, कमरेपर्यंत ओढणं. आणि शिकवायला सुरुवात करायची शेवटच्या तुकड्यापासून. बाकी सगळं आईने करायचं, कमरेवरचा शेवटचा ओढा मुलाने. तो जमला की त्याच्या आधीचा. या उलट्या क्रमाचा फायदा असा की पहिल्या दिवसापासून काम मुलाच्या हातून पुरं होतं आणि शाबासकी नेमकी पूर्ण झालेल्या कामाला मिळते. सुरुवातीकडून शिकवलं तर मूल रोज अर्ध्यावर अडकतं आणि रोज हरतं. एखादा तुकडा शिकायला तीन महिने लागतील, एखाद्याला वर्ष. पण पंचवीस वर्षांच्या माणसाला संडासात एकट्याला जाता येणं आणि न येणं यावर पुढे त्याला कुठली संस्था घेईल, कोण सांभाळायला तयार होईल, त्याची अब्रू किती राखली जाईल, हे सगळं ठरतं.

मुलींच्या बाबतीत या लहान आशांवर भीतीचं सावट असतं. पाळी सुरू झाली की अनेक घरांत एकच विचार सुरू होतो, ही कटकट कशी संपवायची. त्यामागे घाण साफ करण्याचा त्रास असतो आणि त्याहून खोल, न बोललेली भीती असते ती अत्याचाराची, गर्भ राहण्याची. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली आणि महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. स्त्री संघटना आणि अपंगांसाठी काम करणारे कार्यकर्ते रस्त्यावर आले. स्वच्छतेसाठी, मुलींच्याच भल्यासाठी हे केलं असं सांगितलं गेलं. पण गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा उरत नाही. ज्या मुलीला उलट्या क्रमाने चड्डी घालायला शिकवता येतं, तिला पॅड बदलायलाही शिकवता येतं. बाहुलीवर, लाल रंग लावून, आईच्या देखत, पुन्हा पुन्हा. सगळ्याच मुलींना जमेल असं नाही. पण पुष्कळजणींना जमतं, आणि ज्या घरांनी हा प्रयत्न केला तिथल्या आयांच्या बोलण्यात एक निराळाच ठामपणा येतो.

आपल्याकडच्या संस्थांचा इतिहास पाहिला तर तो बराचसा पालकांच्या आशेचाच इतिहास आहे. मुंबईच्या शिवडीतली जय वकील शाळा १९४४ मध्ये होर्मसजी आणि जेरबानू वकील या दांपत्याने सुरू केली, कारण त्यांच्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीला, दीनाला, घेणारी शाळाच नव्हती. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली, ती त्यांच्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या, मालिनीच्या, शिक्षणासाठी. डोंबिवलीजवळच्या खोणी गावात अमेय पालक संघटनेने ‘घरकुल’ उभं केलं, तिथे प्रौढ मुलं कायमची राहतात. मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात १९९४ पासून साधना व्हिलेज आहे, जिथे बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं घरासारख्या घरांतून, शेतीच्या आणि हाताच्या कामात भाग घेत राहतात. जुहूला २०१८ मध्ये सुरू झालेल्या अर्पण कॅफेत ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता असलेली तरुण मंडळी स्वयंपाकघरात आणि टेबलांवर काम करतात. त्यामागेही एक आई आहे.

या यादीने मला जितका आनंद होतो तितकीच अस्वस्थता वाटते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून जास्त दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यातल्या बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा बहुविकलांगता असलेल्यांपैकी अनेकांना पुढेमागे निवासाची सोय लागेल. अशा किती पालकांनी, मूल सांभाळून, नोकरी सांभाळून, जागा शोधून, देणग्या गोळा करून, स्वतःच संस्था काढायची? रुग्णाच्या नातेवाइकाने दवाखाना बांधावा अशी अपेक्षा आपण इतर कुठे करत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र कल्याण विभाग केला, ही महत्त्वाची गोष्ट. आता त्या विभागाकडे पालकांनी मागायचं ते हेच आहे: अठरा वर्षांनंतरच्या आयुष्यासाठी जागा. विशेष शाळेचा दरवाजा साधारण त्याच वयात बंद होतो. त्यापुढे काही शहरांत संरक्षित कार्यशाळा आहेत, पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, राख्या, मसाल्यांची पाकिटं. तालुक्याच्या गावी बहुतेक ठिकाणी काहीच नाही, मुलगा घरी बसतो, जाड होतो, टीव्ही पाहतो आणि शाळेत शिकलेलं हळूहळू विसरतो.

अठरा वर्षं पूर्ण होताच आणखी एक गोष्ट होते, जी कित्येक पालकांना बँकेच्या खिडकीवर पहिल्यांदा कळते. कायद्याच्या नजरेत मुलगा सज्ञान झालेला असतो आणि आईवडील त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तरीय समिती असते. तिच्यात एक स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. सज्ञान मुलासाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज या समितीकडे करायचा. आईवडील स्वतःच्या नेमणुकीसाठी तो करू शकतात, नातेवाईकही करू शकतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा, असं बंधन आहे. म्हणजे उद्या काका पालक झाला तरी त्याच्यावर कुणाची तरी नजर राहील. हे कवच फुकट मिळत असताना केवळ माहिती नसल्याने किती घरं उघड्यावर आहेत! याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो आणि त्यात थेरपीही धरली जाते.

पैशांची तजवीज हा तर अनेकांचा झोप उडवणारा विषय. आयकरात ८०डीडी या नावाने ओळखली जाणारी सवलत पालक वापरत आले आहेत, अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ७५ हजार आणि तीव्र असेल तर सव्वा लाख. तिच्यातली विम्याची अट पाहिली की धोरण आखणाऱ्यांनी या घरांचा विचार कसा केला ते कळतं. मुलासाठी घेतलेल्या पॉलिसीची वार्षिकी पालकाच्या मृत्यूनंतरच सुरू व्हायला हवी, असा नियम होता. म्हणजे वडील पंच्याऐंशीव्या वर्षी निवृत्तिवेतनाशिवाय जगत असतील, मुलगा पंचावन्न वर्षांचा असेल, तरी त्याच्या हक्काचा पैसा वडील मरेपर्यंत अडकलेला. एक पालक या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २०१९ मध्ये अट रद्द केली नाही, पण सरकारने फेरविचार करावा असं सांगितलं आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ती बदलली. आता पालक साठीचा झाला आणि हप्ते थांबले की मुलाला पैसे मिळू शकतात. एका बापाच्या चिकाटीने हजारो घरांना हे मिळालं.

सरकारी नोकरीतल्या पालकांनी आणखी एक गोष्ट वेळेत करावी. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्याचं नाव पालक हयात असतानाच पेन्शनच्या कागदांत नोंदवून घेतलं तर पुढची धावपळ वाचते. जे नोकरीत नाहीत त्यांच्यासाठी खासगी विश्वस्त निधीचा मार्ग आहे, १८८२ च्या कायद्याने चालणारा. घर किंवा ठेवी त्या निधीच्या ताब्यात, खर्च मुलासाठी, कारभार दोन-तीन विश्वस्तांकडे. प्रत्यक्षात लोक करतात ते असं: सगळं धाकट्याच्या नावावर आणि ‘तो बघेल दादाला’ एवढा तोंडी विश्वास.

हा धाकटा किंवा धाकटी, त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. ही भावंडं फार लवकर मोठी होतात. अभ्यास करताना दादा वही फाडतो म्हणून रडायचं नाही, हे ती पाचव्या वर्षी शिकतात. स्थळं पाहायला लागल्यावर ‘भावाचं पुढे काय?’ हा प्रश्न समोरून येतो. बहुतेकजण दादाला सोडत नाहीत, प्रेमानेच सांभाळतात. पण त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आईवडिलांनी गृहीत धरलेलं असतं आणि गृहीत धरलेल्या प्रेमावर पुढे राग साचतो, घरात येणाऱ्या सुनेवर तर अधिकच. अठरा-वीस वर्षांच्या भावंडाशी बसून ‘तुला काय जमेल, काय जमणार नाही, नाही म्हणालास तरी आम्ही दुसरी व्यवस्था करू’ असं बोलणारे पालक मला फार मोठे वाटतात. ते बोलणं झालेल्या घरांत भावंडं अनेकदा आपणहून अधिक जबाबदारी घेतात, कारण ती आता त्यांनी निवडलेली असते.

एक वही प्रत्येक घरात असावी, असं मी आग्रहाने सांगेन. तिच्यात मालमत्ता नको, त्यासाठी मृत्युपत्र आहे. तिच्यात मुलगा असावा. तो वरण पातळ खातो, घट्ट घातलं तर थुंकतो. कुकरच्या शिट्टीला घाबरतो. कान चोळायला लागला की त्याला बरं नसतं. फिटची गोळी रात्री नऊला, चुकली तर काय होतं. ‘तुतू’ म्हणजे पाणी. आत्याला पाहून खूश होतो, पण गर्दीत आत्या भेटली तर नाही. वीस-तीस वर्षांत आईच्या अंगात मुरलेलं हे ज्ञान तिच्याबरोबर गेलं, तर मागे राहिलेल्यांना ते पुन्हा मिळवायला मुलाला त्रास द्यावा लागतो. आणि आईवडील धडधाकट असतानाच मुलाला अधूनमधून दुसरीकडे राहायची सवय हवी. आधी मामाकडे एक रात्र, मग शिबिरात दोन, मग एखाद्या निवासी संस्थेत आठवडा. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, रडणं आवरायच्या आत, अनोळखी पलंगावर त्याला एकट्याला झोपवणं हा त्याच्यावर दुहेरी आघात असतो आणि तो टाळता येतो.

या सगळ्या तयारीत एक माणूस मात्र बहुतेक वेळा खोलीच्या बाहेर बसलेला असतो. तो मुलगा, ती मुलगी. मिठू अलूर यांच्या त्या मुलीने, मालिनी चिब यांनी, पुढे ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं, एका बोटाने टाइप करून. त्यांच्यासाठी इतरांनी पाहिलेल्या स्वप्नांच्या पलीकडे त्यांची स्वतःची स्वप्नं होती: एकटीने राहणं, नोकरी, मैत्री, प्रेम. सगळ्यांना पुस्तक लिहिता येणार नाही, कित्येकांना वाक्यही बोलता येणार नाही. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ असं मानतो की निर्णय घेताना अशा व्यक्तीला आधार द्यायचा, तिच्या जागी बसून सगळं परस्पर ठरवायचं नाही. हा अधिनियम मर्यादित पालकत्वाची तरतूद करतो, ज्यात पालक त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून तिच्या इच्छेनुसार वागतो. कायद्यातली ही कल्पना घरात आणायला कोर्ट लागत नाही. दोन शर्ट समोर धरून कुठला घालू, हे विचारता येतं. न बोलणाऱ्या मुलासमोर दोन फोटो ठेवता येतात, एक कार्यशाळेचा आणि एक बागेचा, आणि तो कुठे हात नेतो याची वाट पाहता येते. मामाकडची रात्र आणि संस्थेतला आठवडा यांपैकी कुठून परतल्यावर तो नीट जेवला, कुठून परतल्यावर दोन दिवस कोपऱ्यात बसला, हेही उत्तरच असतं. ते त्या वहीत, तारीख घालून, आजपासून लिहायला घ्यावं.